परत ओलांड

सोयाबीनची मशीन घरासमोरून गेली की फडताळातली भांडी थरथरतात आणि मला कळतं, सुगी सुरू झाली. एरवी वाशिममध्ये राहून सुगी ओळखायला दुसरी खूण उरलेली नाही. मशीन सकाळी एकाच्या वावरात असते, दुपारी दुसऱ्याच्या. खळं नाही, मेढ नाही, बैलांची पात नाही. इंझोरीची शेती माझा धाकटा भाऊ करतो. त्याला परवा फोनवर विचारलं, रास पुजली का रे? तो म्हणाला, "पुजाले थे भुईवर टेकली तं पायजे, बाई." मशीनच्या तोंडातून थेट पोत्यात आणि पोत्यातून थेट गाडीत. बरोबरच आहे त्याचं. मलाही ती धूळ, ती कुसं, ते मानेत शिरणारं भूस पुन्हा नकोच आहे. तरी विचारल्याशिवाय राहवत नाही.

याच दिवसांत पुण्याहून नात आली होती. ती दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसते आणि मधूनच मला काहीतरी दाखवते. या वेळी तिनं एक कुत्रा दाखवला. हिरव्यागार मैदानात तो आडव्या दांड्यांवरून उड्या मारत होता, कापडाच्या नळीतून आरपार जात होता, ओळीत रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी पळत होता. शेजारून बूट घातलेली एक बाई धावत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. नात म्हणाली, आजी, याला खूप ट्रेनिंग लागतं. मी म्हटलं, माहीत आहे मला. तिनं माझ्याकडे पाहिलं, म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याकडे पाहतात तसं.

पण मला खरंच माहीत होतं. आमच्या भिंगरीनं हे सगळं इंझोरीत केलेलं आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो हिवाळा. बाज, पोती आणि तुराट्या एवढ्या सामानावर केलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. उलट तिला गावाबाहेर काढायचं ठरलं होतं.

भिंगरी वच्छीआत्याची. वच्छीआत्या माझ्या बाबांची धाकटी बहीण, मेडशीला दिलेली. सात वर्षं मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली. वर्षभर आत्या त्याच घरात राहिली. मग ऐन दुष्काळात एके दिवशी यष्टीनं आली. सोबत एक पत्र्याची ट्रंक आणि फडकं बांधलेली एक टोपली. टोपलीत काय आहे म्हणून कंडक्टरनं विचारलं, तर आत्यानं सांगितलं, कोंबडी. थोड्या वेळानं तो परत आला आणि म्हणाला, बाई, तुमची कोंबडी भुंकते काहून? आत्या म्हणाली, मेडशीची हाये. हा किस्सा ती स्वतःच सांगायची आणि स्वतः हसायची नाही.

बाबांनी त्या दिवशी तिची ट्रंक उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. राहा म्हणाले नाहीत, कधी जाशील असंही विचारलं नाही. बाबा कमी बोलणारे होते, आणि कमी बोलणाऱ्या माणसाच्या घरात राहणाऱ्याला फार अंदाज बांधावे लागतात. आत्यानं वर्षभर ट्रंक उघडी ठेवली नाही. लुगडं काढायचं, कुलूप लावायचं. धुऊन वाळलं की पुन्हा आत ठेवायचं, पुन्हा कुलूप. खुंटीवर तिचं काही नसे. मी तेव्हा आठवीत होते. मला वाटायचं, चोराची भीती आहे तिला. आमच्या घरात चोरानं न्यावं असं त्या वर्षी रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीशिवाय काही नव्हतं, हे मला सुचलं नाही.

टोपलीतलं पिल्लू वर्षात मोठं झालं. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला, आणि पायांत भोवरा. एका जागी बसणं तिला ठाऊक नव्हतं. स्वतःच्या शेपटीमागे फिरायची, शेपटी सापडली नाही की कोंबड्यांमागे. म्हणून भिंगरी. बाबांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. कुत्री म्हणजे दारात पडलेलं एक जनावर, रात्री भुंकावं, दिवसा निजावं, एवढाच त्यांचा हिशेब. भिंगरी नेमकं उलटं करायची.

शिकवण्याचं खूळ आलं मानोऱ्याहून. तिथे एका जैन शेठजींचं कापडाचं दुकान फुटलं होतं आणि पोलिसांनी शिकवलेला कुत्रा आणला होता. तो नेमका बाजाराचा दिवस. बाबा दावी-कासरे घ्यायला गेले होते, मी आणि आत्या त्यांच्यासोबत. अर्धा बाजार कुत्रा बघायला जमलेला. उंच, काळा, गंभीर. शिपायानं हळूच एक शब्द उच्चारला आणि त्यानं दुकानामागची भिंत एका झेपेत पार केली. दुसरा शब्द, आणि तो मातीत बसला. शेठजींचं एवढं नुकसान झालेलं, पण त्यांचं एकच चाललेलं, दिवस मावळायच्या आत कुत्र्याला भाकर-पाणी होऊ द्या, माझ्या दारातून मुकं जनावर उपाशी जाऊ नये. चोर सापडला की नाही ते मला आठवत नाही. आत्या गर्दीतून पुढे गेली आणि तिनं शिपायाला विचारलं, याला खायला काय देता? तो म्हणाला, मटण, दूध. आत्यानं मान डोलावली. परतताना बैलगाडीत ती म्हणाली, "आपली शेंगदान्यावर शिकन."

आणि शिकली. दुपारी माय आणि बाबा वावरात असायचे, तेव्हा आमच्या अंगणात शाळा भरायची. बाज आडवी उभी केली की ती भिंत. दोन पोत्यांची बुडं उसवून ती एकमेकांना शिवली की बोगदा. मागच्या वर्षीच्या तुराट्या हातभर अंतरानं रोवल्या की त्यांतून नागमोडी चाल. बैलगाडीचं एक मोडकं चाक होतं, त्याच्या दोन आऱ्या निखळलेल्या, त्या भोकातून भिंगरी अंग चोरून पार व्हायची. आत्या शब्द फार वापरत नसे. "उड" म्हटलं की उडी, "बस" म्हटलं की बसणं. जमलं की कमरेच्या चंचीतून एक शेंगदाणा. नाही जमलं तर मारणं नाही, ओरडणं नाही, फक्त तोंड फिरवून उभी राहायची. भिंगरीला तेच सोसत नसे. ती पुढे येऊन आत्याच्या पायावर पंजा ठेवायची आणि पुन्हा परत जाऊन उडी मारायची.

मी आत्याला त्याआधी कधी असं पाहिलं नव्हतं. घरात ती भिंतीला धरून चालायची, भांडं ठेवलं तरी आवाज होऊ देत नसे. अंगणात मात्र पदर खोचून, केस कानामागे सारून, बाजेच्या शेजारून ती भिंगरीबरोबर धावायची. शेजारच्या बायका कुडाच्या फटीतून बघायच्या आणि नवऱ्यानं टाकल्यावर बाईच्या डोक्यावर परिणाम होतो म्हणायच्या. झाला असेल तर चांगला झाला होता.

आता यात आमची एक चूक झाली. चूक म्हणजे, ती आमच्याच लोकांकडून होऊ शकते अशी होती.

आमच्याकडे ओलांडू नये अशा गोष्टींची यादी मोठी. निजलेला माणूस ओलांडू नये. लेकरू तर नाहीच, त्याची उंची खुंटते. केरसुणी, मुसळ, बैलाचं दावं, वाढलेलं ताट, पाटी-पुस्तक, काही ओलांडू नये. चुकून ओलांडलंच तर त्यावर उपाय आहे. परत ओलांडायचं. ज्या वाटेनं गेलात त्याच वाटेनं उलटं यायचं, म्हणजे दोष फिटतो. लहानपणी आम्ही भावंडं मुद्दाम एकमेकांना ओलांडायचो, आणि मग ज्याला ओलांडलं तो रडत पाठीमागे लागायचा, परत ओलांड, परत ओलांड. माझी उंची पाच फुटांवर थांबली, त्याला माझा भाऊ जबाबदार आहे असं मी अजून म्हणते.

तर भिंगरीला उड्यांची इतकी गोडी लागली की आडवं दिसेल ते ती पार करू लागली. एके संध्याकाळी बाबा वावरातून येऊन ओसरीत घोंगडीवर निजले होते, त्यांच्यावरून गेली. माय तेवढ्यात घागर घेऊन आली होती. तिनं पाहिलं आणि तिचा जीव खालीवर झाला. नवऱ्याला कुत्रीनं ओलांडलं. तिनं घागर टेकवली, चुलीजवळून भाकरीचा तुकडा आणला, बाबांच्या अलीकडे उभी राहून हळूच भिंगरीला दाखवला आणि म्हणाली, ये, परत ये. भिंगरी बाबांवरून परत आली. मायनं तुकडा दिला आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

भिंगरीनं यातून काय धडा घेतला, ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी ती बाबांवरून गेली आणि पलीकडे उभी राहून मायची वाट बघू लागली. माय आली, तुकडा दाखवला, भिंगरी परत आली. आठवडाभर हे चाललं. आत्या शेंगदाण्यावर शिकवत होती आणि माय दोष फेडता फेडता भाकरीवर. शेंगदाण्यापेक्षा भाकर मोठी. निजलेलं माणूस दिसलं की दोनदा ओलांडायचं, म्हणजे खायला मिळतं, हा नियम भिंगरीइतका पक्का आमच्या घरात कुणीच पाळत नव्हतं.

मग खळं आलं. त्या वर्षीचं खळं साधं नव्हतं. त्याआधी वर्षभर आम्ही मिलो आणि सरकारी मदतीची सुकडी खाल्लेली, माय-बाबांनी दुष्काळी कामावर खडी फोडलेली. त्र्याहत्तरला पाऊस बरा झाला आणि ज्वारीची कणसं मुठीत मावेनात. गावाबाहेर वावराच्या कडेला बाबांनी जागा चोपून घेतली, शेणानं सारवली, मधोमध मेढीचा खांब रोवला. चपला बाहेर. बैलांच्या तोंडाला मुसक्या. कणसांच्या थरावरून पात गोल गोल फिरायची आणि सगळ्या शिवाराला त्या कोरड्या, गोडसर धुळीचा वास यायचा. तो वास आता कशालाच येत नाही. थंडीत सकाळी भूस अंगावर ओढून बसलं की ऊब लागायची आणि दिवसभर खाजायचं.

खळ्याचे नियम किसनबुवांच्या हातात. किसनबुवा आमचे वावरशेजारी, आणि गावात रास मोजायला तेच. वय झालेलं, आवाज खणखणीत. त्यांनी मापलेल्या राशीला बरकत असते असं सगळे मानायचे, तेसुद्धा. त्यांचा मुख्य नियम हा, की रास मोजली जात असताना मोजणाऱ्याशिवाय कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि रास कुणी ओलांडायची नाही. बरकत जाते. दोन वर्षांनी आलेली बरकत, ती घालवण्याची हिंमत कुणात होती?

मळणीच्या तिसऱ्या दिवशी भिंगरी खळ्यावर आली. एका बाजूला झाडून गोळा केलेला दाणा होता, गुडघाभर ढीग. ती धावत आली, ढिगावरून अलगद पलीकडे गेली, वळली, परत आली, आणि बाबांसमोर बसून शेपटी हलवू लागली. दोनदा झालं, आता भाकर कुठे आहे? किसनबुवांनी हातातलं सूप खाली ठेवलं. ती अजून रास नव्हती, पुजलेली नव्हती, म्हणून निभावलं, असं ते म्हणाले. बाबा घरी आल्यावर जेवताना बोलले. आत्या वाढत होती.

"रास मोजायच्या दिवशी हे कुत्री राशीवरून गेली, तं मी तिले मेडशीच्या यष्टीत टाकून देतो. जिथून आली तिथं जाईन थे."

बाबांच्या मनात दुसरं काही नसणार. मेडशी दूर होती, तिथून कुत्रं वास घेत परत येत नाही, एवढंच त्यांचं गणित. पण आत्याच्या हातातली भाकर तिथेच थांबली. जिथून आली तिथं जाईन. वर्षभर घरात कुणी न उच्चारलेलं वाक्य भिंगरीच्या नावानं उच्चारलं गेलं होतं. मायनं खाली पाहिलं. आत्यानं भाकर बाबांच्या ताटात वाढली आणि चुलीकडे गेली.

सोपा मार्ग होता. त्या दिवशी कुत्री बांधून ठेवायची. मायनं तसं सुचवलंही. आत्या नाही म्हणाली. कोणत्याच गोष्टीला नाही न म्हणणारी आत्या. ती म्हणाली, "तिकडं थे बांधूनच होती, वैनी. आन् मी बी. आता मी तिले बांधत नाई. शिकोतो."

उडी शिकवायला पंधरा दिवस लागले होते, न उडणं शिकवायला हातात दहा होते. आत्यानं अंगणात भुशाचा ढीग घातला, राशीसारखा, आणि त्याभोवती राखेची रेघ ओढली. शब्द नवा, "वळसा". रेघेच्या आत पाय टाकायचा नाही, बाहेरून फिरून पलीकडे जायचं. पहिले दोन दिवस भिंगरीला हे कळेचना. ढीग दिसला की ती उडायची आणि आत्याकडे कौतुकानं बघायची. आत्या तोंड फिरवून उभी. भिंगरी पंजा टाकायची, पुन्हा उडायची, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ती रेघेपाशी बसून रडली, कुत्री रडतात तशी, बारीक आवाजात. आत्याही शेजारी बसली. मी कुडाला टेकून सहामाहीचा भूगोल वाचत होते. अभ्यासात लक्ष नव्हतं. चौथ्या दिवशी भिंगरी रेघेच्या कडेकडेनं चालत गेली आणि आत्यानं तिला एका वेळी पाच शेंगदाणे दिले. त्यानंतर आत्या शब्द सोडून नुसत्या हातावर आली. खळ्यावर बोलता येणार नव्हतं ना. तळवा खाली, म्हणजे वळसा.

इथे मला माझीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. रास मोजायला दोन दिवस होते. पेपर संपले होते, वर्गातली मैत्रीण घरी आली होती, आणि मला मिरवायचं होतं. आत्या नदीवर गेलेली. मी भिंगरीला भुशाच्या ढिगासमोर उभं केलं आणि म्हटलं, उड. ती उडाली नाही. तिनं नदीच्या वाटेकडे पाहिलं. मी पुन्हा म्हटलं, गुळाचा खडा दाखवला. ती उडाली. मैत्रीण हसली आणि मी गूळ दिला. आठ दिवसांची मेहनत मी एका खड्यात मोडली होती. आत्याला सांगितलं नाही. अजून कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहिते आहे.

राशीचा दिवस उजाडला. दाणा वाऱ्यावर उपणून झाला होता, लांबट रास घातली होती, मोत्याच्या रंगाची. मायनं हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, निवद ठेवला. किसनबुवा पूर्वेकडे तोंड करून बसले. आत्या आणि भिंगरी खळ्याबाहेर बोरीखाली. बुवा सकाळीच म्हणाले होते, बाईनं बाहेरच उभं राहावं. टाकलेली बाई राशीजवळ नको, हे त्यांनी उच्चारलं नाही, पण ऐकू सगळ्यांना आलं. भिंगरीच्या गळ्यात दोरी नव्हती. बाबांनी ते पाहिलं आणि बहिणीकडे पाहिलं. तिनं नजर खाली केली नाही.

मोजणी सुरू झाली. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. "लाभ, लाभ, लाभ," बुवा पायली भरेपर्यंत म्हणत राहायचे, आणि ओतली की पुढचा आकडा, तोही पायली भरेपर्यंत. बाबा पोत्याचं तोंड धरून. मी पोती सरकवायला. बाकी शिवारात चिमण्यांशिवाय आवाज नाही. भिंगरी बसली होती, पण तिचे पाय बसलेले नव्हते. रास कमी कमी होत गुडघ्याएवढी झाली, म्हणजे बरोबर तिच्या उडीच्या मापाची. मला गुळाचा खडा आठवत होता.

बाबांबद्दल एक सांगायचं राहिलं. लहानपणी त्यांना पान लागलं होतं, म्हणजे साप चावला होता, मरता मरता वाचले. तेव्हापासून सापाचं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा बदलायचा. अंधारात वाटेवर दावं पडलेलं असलं तरी थबकायचे. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्यांच्या तोंडावर म्हणत नसे.

बुवा तेविसावर होते. बाबांनी रिकामं पोतं घ्यायला हात घातला आणि घडीतून धामण निघाली. बिनविषारी, उंदरांच्या मागे आलेली, चांगली दोन हात. बाबांच्या पायावरून गेली. बाबांच्या तोंडून शब्द फुटला नाही, तो मान त्यांनी राखला. पण पाय राखले नाहीत. धोतरासकट त्यांनी जी उडी घेतली ती थेट राशीवरून पलीकडे.

भिंगरी ताडकन उभी राहिली. तिच्यासमोर आजवर कुणी माणसानं उडी मारली नव्हती. तिच्या सगळ्या अंगाला कंप सुटला. तिनं रास पाहिली, बाबांना पाहिलं, मग मान वळवून आत्याकडे पाहिलं. आत्यानं तळवा खाली केला. आणि भिंगरी निघाली, खळ्याच्या कडेकडेनं, सारवणाच्या आत पंजा न टाकता, धावतही नाही, चालत. पूर्ण वळसा घालून ती पलीकडे पोचली आणि बाबांच्या अगदी मागे, कडेबाहेर बसली.

धामण कडब्यात गेली. खळ्यावर कुणी हललं नाही. किसनबुवांची पायली भरलेली, पण ती ओतता येईना. "तेवीस, तेवीस, तेवीस," ते म्हणत राहिले, कारण थांबताही येत नव्हतं, आणि डाव्या हाताच्या बोटानं बाबांना खूण करत राहिले. खूण कशाची ते बाबांना समजत होतं, मला समजत होतं, मायनं तर पदर तोंडात कोंबला होता. परत ओलांड. बाबांनी धोतर गुडघ्यापर्यंत उचललं. चाळिशीतला, मिशीवाला, गावात ज्याला मान होता असा माणूस, दोन पावलं मागे सरकला आणि राशीवरून परत आला. भिंगरी उठली आणि आली तशी वळसा घालून परत गेली, बोरीखाली.

मग आत्या चालत आली. कडेशी तिनं चपला काढल्या आणि तिला नको म्हटलेल्या खळ्यावर ती आत आली. बाबांसमोर उभी राहिली, कमरेची चंची सोडली, आणि त्यांच्या तळहातावर एक शेंगदाणा ठेवला. बोलली नाही. बोलायचं नव्हतंच. बाबांनी तळहाताकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. आणि शेंगदाणा तोंडात टाकला. बुवांनी पायली ओतली आणि म्हणाले, चोवीस. त्यांचा आवाज त्या दिवसात पहिल्यांदाच जरा हलला.

मोजून संपेपर्यंत आत्या आतच उभी राहिली आणि तिला कुणी बाहेर हो म्हटलं नाही. शेवटचं पोतं भरलं, बुवा उठले, बोलायला मोकळीक झाली.  बाबा सुतळीनं पोत्याचं तोंड शिवत होते. आत्यानं विचारलं, "दादा, मेडशीची यष्टी किती वाजता हाये?"

बाबांनी मान वर केली नाही. दाभण आरपार काढला, सुतळी ओढली, गाठ मारली. मग म्हणाले, "मेडशीची यष्टी बंद झाली म्हने."

यष्टी बंद झाली नव्हती. रोज सकाळी धूळ उडवत जायची, आम्ही सगळे ती बघायचो. त्या घरात त्या विषयावर पुढे एवढंच बोलणं झालं, आणि तेवढं पुरलं. मी पोत्यांच्या आड जाऊन रडले. गुळाच्या खड्याचं रडणं होतं की आत्याचं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

गुळाचा खडा सोडून नातीला मी एवढं सगळं सांगितलं. तिनं मोबाइल पालथा ठेवला होता, हे मला बरं वाटलं. तिनं विचारलं, बरकत गेली का मग? मी म्हटलं, किसनबुवांनी परत ओलांडून घेतलं ना. आणि खरं सांगायचं तर त्या वर्षीची ज्वारी आम्हाला पुढच्या सुगीपर्यंत पुरली. मोजायला मी काही गेले नाही.

रास मोजल्याच्या दुसऱ्या दिवशी बियाणं ठेवायला मायला कोरडं, झाकणाचं भांडं हवं होतं. घुशी फार झाल्या होत्या. आत्या आतल्या खोलीत गेली, ट्रंकेचं कुलूप काढलं, तिन्ही लुगडी खुंटीवर टांगली आणि ट्रंक उचलून ओसरीत आणून ठेवली. म्हणाली, यात भरा. मायनं भरलं. पुढे दर वर्षी आमचं बियाणं त्याच ट्रंकेत असायचं, आणि कुलूप कधी लावलं नाही.